तोंड टेकडीकडे

[दृश्य : केळीची बाग, मागे सातपुडा]

चोपडा तालुक्यात उत्तरेकडे केळी संपते आणि सातपुडा चढायला लागतो. या शाळेपर्यंत इंटरनेटची वायर आली आहे. टेकडीपलीकडच्या पाड्यावर ना वायर, ना मोबाईलची रेंज. टेकडी इथून सरळ रेषेत पाच किलोमीटर. हे अंतर गावच्या पोरांनी स्वतःच्या हातांनी जोडलं.

[दृश्य : ॲल्युमिनियमची दांडी, त्यावर काड्या]

दांडीवरच्या या काड्या बघा, करंगळीएवढ्या. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. प्रत्येक काडी तिच्या निम्म्याच्या आसपास, मागची जरा लांब, पुढच्या जरा आखूड. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की जोर उतरतो. म्हणून मुलगा एकेक काडी कानसेने घासतो, मोजतो, पुन्हा घासतो.

ही यागी अँटेना. १९२६ साली जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती मांडली. दूरदर्शनच्या काळात आपल्या कौलांवर असायची ती हिचीच मोठी बहीण.

साधी उभी अँटेना चहूकडे सारखंच बोलते. यागी नवी ताकद आणत नाही. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं, धार मात्र लांब जाते, तसंच हे. १६ डेसिबलच्या यागीने समोरच्या दिशेला सुमारे ४० पट जोर मिळतो. वायफायचा हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून, ठरलेल्या मर्यादेत, परवान्याशिवाय वापरता येतो.

[दृश्य : पाण्याच्या टाकीवर दोन मुलं]

आधी खांब शाळेच्या गच्चीवर होता. तिथून टेकडी स्पष्ट दिसायची, तरी जोडणी टिकेना. कारण हा कडुनिंब. दोन अँटेनांच्या मधे नुसती रेघ मोकळी असून भागत नाही. काकडीसारखी, मधोमध फुगलेली जागा लागते. पाच किलोमीटरला मध्यावर तिची त्रिज्या साधारण बारा मीटर, आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग तरी मोकळा हवा. निंब तोडायचा नाही, हे पोरांनी आधीच ठरवलं होतं. खांब टाकीवर गेला.

आता हे नीट ऐका. खालचा मुलगा मोबाईलवर बघून सिग्नलच्या जोराचे आकडे ओरडतो, वरचा हळूहळू अँटेना फिरवतो. आकडा शून्याकडे जितका सरकेल, तितका जोर जास्त. "उणे ८२... उणे ७६... उणे ६९..." आणि मग अहिराणीत, "उना, उना!" म्हणजे आला, आला.

पण वरचा थांबत नाही. आणखी पुढे नेतो, आकडा पडू देतो, मग परत आणतो. यागीला बाजूलाही छोटे छोटे झोत असतात. पहिल्याच चढावर समाधान मानलं तर तुम्ही चुकीच्या झोतावर अडकता. आणि दोन्ही टोकांच्या काड्या एकतर उभ्या, नाहीतर आडव्या. एकीकडे उभ्या, दुसरीकडे आडव्या असतील तर सगळी मेहनत पाण्यात.

[दृश्य : टेकडीवरचा मधला खांब]

या जाळ्याला मुख्य टॉवर नाही. प्रत्येक खांब दुसऱ्याचा निरोप पुढे देतो. इथेच दिशेच्या अँटेनेची खरी अडचण येते. मधल्या खांबाचं तोंड शाळेकडे असताना पाड्याने हाक मारली, तर ती त्याला ऐकूच येत नाही. पाड्याच्या यंत्राला वाटतं, हवेत दोन निरोप आदळले. ते थांबतं, पुन्हा हाक मारतं, दर वेळी थांबायची मुदत वाढवत नेतं. अभियंते याला बहिरेपणा म्हणतात. पोरांनी टेकडीवर दोन रेडिओ बसवले : एकाचं तोंड शाळेकडे, चॅनल १; दुसऱ्याचं पाड्याकडे, चॅनल ११.

पाड्यावरच्या आशाताईंच्या नोंदी आता तिथूनच जातात.

[दृश्य : संध्याकाळ, खांबाचा जवळून घेतलेला शॉट]

क्लॅम्पचा शेवटचा नट आवळला जातोय. मुलगा खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढतो. एक रेघ खांबावर, एक क्लॅम्पवर, समोरासमोर. वादळात अँटेना फिरली, तर वर चढायचं आणि दोन रेघा जुळवायच्या.