पिकाला सहा पैसे

(दृश्य: पहाट. पत्र्याची शेड. आधी नुसता मागांचा आवाज.)

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला हा आवाज जाणवतच नाही. तो थांबला की मात्र झोपेतून जाग येते. माग थांबला म्हणजे एक तर वीज गेली, नाही तर बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला.

हा माझ्या मामांचा कारखाना. सहा साधे माग, कोपऱ्यात आडव्या धाग्याच्या कांड्या भरायचं मशीन, खिडकीत मोगऱ्याची कुंडी. सहा मागांच्या शेडलाही आमच्याकडे कारखानाच म्हणतात आणि मालकाला कारखानदार. पण मामांची धंद्यातली खरी ओळख म्हणजे खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, विणलेलं कापडही व्यापाऱ्याचंच. जागा, माग, वीज आणि कामगार मामांचे. त्यांना मिळते ती फक्त विणण्याची मजुरी.

(दृश्य: आडवा धागा नेणारा धोटा, अगदी जवळून. आतली कांडी संपत आलेली.)

ही मजुरी पिकावर ठरते. कापडाच्या एका इंचात जितके आडवे धागे, तितके पिक. समजा कापड ५२ पिकाचं आहे आणि पिकाला ६ पैसे दर ठरलाय. मग एका मीटरचे झाले ३ रुपये १२ पैसे. तेवढं एक मीटर कापड पुरं व्हायला हा धोटा दोन हजारांहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो. मधेच कांडी संपते. कामगार माग थांबवतो, नवी कांडी भरतो, धागा ओढून घेतो, पुन्हा सुरू करतो. एकाच वेळी त्याचं लक्ष सगळ्या मागांवर असतं. कुठं उभा धागा तुटला हे त्याला नजरेआधी कानाला कळतं.

त्या ३ रुपये १२ पैशांतून कामगाराचा पगार जातो, वीजबिल जातं, कांडी भरणाऱ्या मावशींची मजुरी जाते. धोटे झिजतात, धोट्याला धक्का देणारे पिकर तुटतात, मोटर जळते. जे उरतं ते घरचं.

(दृश्य: जुनी गल्ली, दोन्ही बाजूंना शेड.)

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांना पाठबळ दिलं. माग कुणाचाही असो, त्याच्या मागं कुणीतरी उभं राहावं लागतं, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आज मामांना सगळ्यात जास्त काय छळतं, असं विचारलं तर ते दर कमी आहे असं आधी म्हणत नाहीत. ते वही पुढं सरकवतात.

(दृश्य: वही. डावीकडे बिलाची तारीख. उजवीकडचा पैसे मिळाल्याचा रकाना कोरा.)

कापड देऊन चार महिने झाले. कामगाराचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. वीजबिलाला अंतिम तारीख असते. बिल निघालं की त्यावरचा जीएसटीही वेळेत भरायचा, मग पैसे हातात पडलेले असोत की नसोत. व्यापाऱ्याच्या पेढीवर फोन केला की दिवाणजी म्हणतात, "पुढच्या आठवड्यात बघू." त्यांच्यावर तरी काय रागवायचं? त्यांच्या शेठचं कोरं कापड पुढं धुलाई-रंगाईच्या प्रोसेसिंगला गेलेलं असतं आणि त्यांचेही पैसे तिथं अडकलेले असतात. साखळीत शेवटी उभा असतो तो सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांची उधारी त्याच्या पाठीवर.

कायदा आहे. २००६ पासून आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. तक्रारीसाठी सरकारी सुलभीकरण परिषद आहे, ऑनलाइन पोर्टल आहे. २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवता येत नाही. त्यानंतर कापड बाजारांतून उलटीच कुरकुर ऐकू आली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद, असलेल्याकडून माल घ्यायलाच नको, असं काही खरेदीदार म्हणू लागले.

मामांच्या फाईलमध्ये ते उद्यम प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलंय. मी म्हटलं, "मामा, तक्रार करा की."

"करतो. आणि उद्यापासनं बीम कोण देतंय मला? तू?"

मला उत्तर देता आलं नाही. कायद्याच्या पुस्तकातही याचं उत्तर नाही.

लहान उद्योगाला मदत म्हटलं की सगळे कर्जाकडे बोट दाखवतात. मुद्रा कर्जाची मर्यादा आता २० लाखांपर्यंत आहे. नवा माग घ्यायला ते उपयोगी पडेल. पण स्वतःचेच पैसे दुसऱ्याकडे पडून असताना त्यावर व्याजानं पैसे काढायचे, याला मदत कसं म्हणायचं? बिल वटवून लगेच पैसे देणारी ट्रेड्स नावाची सोय आहे. ती मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांच्या कामाची. गल्लीतल्या पेढीचं बिल तिथं पोचत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की तक्रारीचं ओझं मामांवर टाकू नका. जीएसटीच्या व्यवस्थेत बिलाची तारीख आधीच नोंदलेली असते. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट परत करावी लागते, असा नियमही आहे. म्हणजे दिवस मोजले जातात. तेच मोजणं ४५ दिवसांवर आणा. सेहेचाळिसाव्या दिवशी खरेदीदाराला सरकारनं स्वतःहून विचारावं. मामांनी नाव घ्यायची, तोंड उघडायची वेळच येऊ नये. दिवाणजींच्या शेठलाही वरच्याकडून पैसे याच मुदतीत मिळावेत, नाही तर तो तरी कुठून देणार?

(दृश्य: शेडच्या दारात टेम्पो. दोघं जण बीम उतरवतायत.)

दुपारी नवा बीम आला, त्याच पेढीचा. मामांनी मजुरीचं विचारलं. टेम्पोवाल्यानं मान हलवली, त्याला काय माहीत असणार.

मामांनी बाह्या सारल्या आणि बीमच्या एका टोकाला खांदा दिला.

(दृश्य: वहीत नवी तारीख लिहिणारा हात. पुन्हा मागांचा आवाज.)