उपचार अर्ध्यावर थांबू नयेत म्हणून

युगांडाची राजधानी कंपाला. इथल्या मुलागो रुग्णालयात १९९५ साली आलेलं कोबाल्ट यंत्र कॅन्सरला 'शेक', म्हणजे किरणोपचार, देणारं देशातलं एकमेव यंत्र होतं. शेजारच्या देशांतूनही रुग्ण इथेच यायचे. २०१६ मध्ये ते बंद पडलं आणि पुन्हा दुरुस्त झालंच नाही.

पण उपचार त्याआधीच मंदावतात. यंत्रातल्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूची ताकद साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते. मग तेवढाच डोस द्यायला प्रत्येक रुग्णाला दुप्पट वेळ यंत्राखाली निश्चल पडून राहावं लागतं आणि बाहेरची रांग वाढत जाते.

बरं, नवं यंत्र घेतलं की दुसऱ्या दिवशी सुरू झालं, असंही नसतं. आधी जाड काँक्रीटच्या भिंतींचा बंकर हवा. डोसचं गणित मांडणारा मेडिकल फिजिसिस्ट हवा. सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसा हवा. देणगीदार नेमका तोच विसरतात. कंपालातल्या नव्या यंत्राचं उद्घाटन झालं जानेवारी २०१८ मध्ये. ज्यांना परदेशी जाणं जमलं नाही, त्यांचा आजार तोवर थांबून राहिला नव्हता.

तज्ज्ञ नाहीत, हे कारणही नेहमी पुढे केलं जातं. रवांडातल्या बुटारो या डोंगराळ गावात २०१२ साली कॅन्सर केंद्र उघडलं, तेव्हा तिथे पूर्णवेळ कॅन्सरतज्ज्ञ नव्हता. तिथल्याच डॉक्टरांनी आणि नर्सेसनी दूरच्या तज्ज्ञांचा सल्ला घेत केमोथेरपी दिली. वाट पाहत बसण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो मुलांचा कॅन्सर. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. आणि औषधं काही नवी नाहीत. विनक्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट ही कित्येक दशकांची जुनी औषधं. ती कधी मिळतात, कधी नाही. मधेच साठा संपला, की आई-वडील बाहेरून मिळेल ते, मिळेल त्या किमतीला आणतात. नाहीतर मुलाला घेऊन घरी परततात.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतलं सेंट ज्यूड रुग्णालय यांनी मुलांसाठी मोफत औषधांची योजना आखली. २०२५ मध्ये पहिल्या खेपा मंगोलिया आणि उझबेकिस्तानला पोचल्या. हे मोठंच काम आहे. पण रक्ताच्या कॅन्सरवरचे उपचार बहुतेक मुलांना दोन-तीन वर्षं घ्यावे लागतात. तेवढा काळ प्रत्येक पुढची खेप वेळेवर यायला हवी.