हजार अक्षरं, चार भाषा आणि आपला वर्ग

(पुण्यात जपानी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार.

कांजी म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं. त्यांच्या पहिल्या तासाला फळ्यावर हमखास डोंगर येतो. तीन शिखरं काढायची, ती हळूहळू सरळ रेघांची करत न्यायची आणि सांगायचं, बघा, झाला 'यामा'. मग एक झाड, दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे दाट अरण्य. वर्ग खूश होतो. पहिला तास गोडीचाच असावा, त्याला माझी हरकत नाही. पण हीच रीत पुढे सहा महिने चालवली की मुलं अडकतात, कारण तोवर चित्रं संपलेली असतात. मग आपण ओढूनताणून गोष्टी रचू लागतो. हा माणूस छपराखाली बसलाय, त्याच्या हातात काठी आहे, म्हणून याचा अर्थ अमुक. गोष्ट लक्षात राहते, पण अक्षराचा उच्चार काय आणि ते कुठल्या शब्दात येतं, हे मुलाला सांगता येत नाही. परीक्षेत आणि वाचनात नेमकं तेच लागतं.

आपल्याकडे 'चित्रलिपी' हा शब्द इतका रुळलाय की चिनी अक्षरं म्हणजे हजारो चित्रं असं सगळे धरून चालतात. शू शेन या चिनी पंडिताने इ.स. 100 च्या सुमारास मोठा अक्षरकोश केला. त्यात 9353 अक्षरं आहेत. बऱ्याच शतकांनी एका चिनी अभ्यासकाने त्यांची वर्गवारी केली, तेव्हा निव्वळ चित्रं म्हणावीत अशी अक्षरं चारशेसुद्धा भरली नाहीत. साडेसात हजारांहून जास्त अक्षरं दोन भागांची निघाली. एक भाग अर्थाचा रोख सांगतो, दुसरा उच्चाराचा.

एकच कुटुंब जवळून बघू. निळ्या-हिरव्या रंगाचं एक अक्षर आहे, चिनी उच्चार 'छिंग'. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढा, अर्थ होतो नितळ. थेंबांच्या जागी हृदय आणा, भावना. सूर्य आणा, निरभ्र. वाणीचं चिन्ह आणा, विनंती. चिनीत या सगळ्यांचा उच्चार 'छिंग'च, फरक फक्त सुरांचा. डावीकडे तांदूळ आणलात तर सडून निवडून शुद्ध केलेलं, आणि उच्चार किंचित सरकून 'जिंग'. आता हेच कुटुंब जपानीत बघा. जवळजवळ सगळी भावंडं 'सेई', भावनेचं अक्षर तेवढं बहुधा 'जो'. कोरियनमध्ये काही 'छॉंग', काही 'जॉंग'. व्हिएतनामीत 'थान्ह', 'तिन्ह', 'थिन्ह'. चारही भाषांत आवाज बदललाय, पण भावंडांचं एकमेकांशी साम्य टिकलंय. हे मुलाला एकदा दाखवलं की पुढचं अनोळखी अक्षर त्याला संपूर्ण अनोळखी राहत नाही. डोंगराच्या चित्राने हे होत नाही.

मग पूर्व आशियातली मुलं शतकानुशतकं ही अक्षरं शिकली कशी?

सहाव्या शतकात, चीनच्या ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाच्या काळात, झोऊ शिंगसी या दरबाऱ्याने एक पद्य रचलं. हजार सुटी अक्षरं त्याच्या हाती दिली होती, एकही अक्षर पुन्हा न वापरता त्यांचं काव्य करायचं होतं. एका रात्रीत ते केलं आणि सकाळी केस पांढरे झाले, अशी आख्यायिका आहे. चार-चार अक्षरांच्या अडीचशे ओळी. चीन, कोरिया, जपान, व्हिएतनाम, सगळीकडे पोरांनी हे घोकलं. पहिली ओळ आकाश, पृथ्वी, काळं, पिवळं अशी. चिनी मूल ती सरळ म्हणतं, 'थिएन ती श्युआन हुआंग'. 'थिएन' आणि 'ती' हे त्याच्या तोंडातले शब्द आहेत. त्याला फक्त आकार शिकायचाय.

कोरियन मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या घरात आकाशाला 'हानुल' म्हणतात, चिनीवरून आलेला उच्चार 'छॉन'. म्हणून ते म्हणतं, 'हानुल छॉन, त्ता जी, कॉमुल ह्यॉन, नुरुल ह्वांग'. आधी घरचा शब्द, लगेच अक्षराचा उच्चार. कोरियात आजही एखाद्या अक्षराची ओळख अशीच जोडीने करून देतात. आपल्याकडे कुणी 'आभाळ गगन, माती मृदा, पाणी जल' असं पाठ करावं, तसंच. जपानी विद्यार्थी संपूर्ण ओळच दोनदा वाचायचा, एकदा चिनी वळणाने आणि लगेच जपानीत: 'तेन्ची नो आमेत्सुची वा, गेन्को तो कुरोकु की नारी'. व्हिएतनामी लोकांनी तर तीन हजार अक्षरांचं नवंच पुस्तक केलं आणि त्यात यमकं गुंफली. 'थिएन त्रोई, दिआ दात, कू कात, तोन कोन'. चिनी उच्चार, मग व्हिएतनामी अर्थ, आणि 'दात'ला 'कात' जुळतं म्हणून पुढची जोडी आपोआप तोंडात येते. ही यमकं आजही व्हिएतनामी म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर असतात, जरी तिथल्या चिनी अक्षरांतल्या शेवटच्या राजपरीक्षा 1919 साली ह्वे या राजधानीत झाल्या आणि शाळा रोमन लिपीकडे वळल्या.

या चारही रीतींत कुणी अक्षर नुसतं समोर धरलेलं नाही. ते बोलीतल्या शब्दाला बांधूनच मुलाच्या हातात दिलंय. माझं आजचं म्हणणं तेवढंच आहे आणि बाकीचं सगळं त्याच्याच आधारासाठी.

ही हजार अक्षरं मुलांसाठी बरोबर आहेत का, हा प्रश्न तिथल्याच शिक्षकांनी फार आधी विचारला. 1527 साली कोरियात छ्वे सेजिन या विद्वानाने 3360 अक्षरांचं बालपुस्तक केलं. त्याची तक्रार अशी की मुलं जुन्या ग्रंथातल्या कथांचे संदर्भ पाठ करतात, पण पक्षी, प्राणी, गवत, झाडं यांची अक्षरं त्यांना येत नाहीत. अक्षर येतं आणि वस्तू ओळखता येत नाही. म्हणून त्याने डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी घेतल्या, प्रत्येकीला कोरियन लिपीत अर्थ आणि उच्चार दिला, आणि त्यासाठी पुस्तकाच्या सुरुवातीला त्या लिपीचीही ओळख करून दिली. कोरियन मुळाक्षरांची आजची नावं, 'गियॉक', 'निउन' वगैरे, याच पुस्तकातून रूढ झाली. चिनी अक्षरं शिकवायला निघालेल्या शिक्षकाच्या हातून देशी लिपीलाही बळ मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे जॉंग याग्-योंग (1762–1836) या कोरियन विद्वानांनी या हजार अक्षरांवर आणखी कडक टीका केली. आकाश-पृथ्वी म्हटल्यावर सूर्य, चंद्र, तारे यायला हवेत, तुम्ही एकदम काळ्या-पिवळ्यावर उडी मारता. आणि रंग घेतले तर निळा, लाल, पांढरा कुठे गेले? मुलाचं मन अशा उड्यांनी गोंधळतं. त्यांनी दोन हजार अक्षरांचं आपलं पुस्तक विषयवार लावलं. 1908 मध्ये ची सॉग्-यॉंग यांनी ते पुन्हा छापलं. कोरियात देवीची लस रुजवणारे वैद्य म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या आवृत्तीत प्रत्येक अक्षराभोवती कोरियन अर्थ आणि उच्चार तर आहेच, शिवाय चिनी उच्चार, जपानी उच्चार आणि इंग्रजी शब्दही कोरियन लिपीत लिहिलाय. एक अक्षर, चार भाषा, आणि सगळं मुलाच्या स्वतःच्या लिपीत. अध्यापनाची इतकी सुंदर पानं मी फार थोडी पाहिली आहेत.

चीनमध्ये हाच वाद विसाव्या शतकात नव्याने रंगला. 1958 साली पिनयिन ही रोमन उच्चारलेखनाची पद्धत मंजूर झाली. त्याच सुमारास ल्याओनिंग प्रांतातल्या हेइशान इथे एक प्रयोग सुरू झाला. मघाशी पाहिलेल्या 'छिंग'सारखी कुटुंबं एकत्र करून मुलांना कमी वेळात भरपूर अक्षरं शिकवायची, मग वाचायला बसवायचं. नानजिंगच्या शिक्षिका स श्या यांनी उलट वाट धरली. अक्षर शब्दापासून तोडू नका, शब्द वाक्यापासून तोडू नका, वाक्य धड्यापासून तोडू नका, असा त्यांच्या पद्धतीचा दंडक. दोन्ही बाजूंना आपापल्या शाळांत यश मिळालं. कारण चिनी मुलाकडे भाषा आधीच आहे, कुटुंबाने शिकवा नाहीतर वाक्याने, अक्षर जाऊन टेकायला शब्द तयार असतो. परक्या विद्यार्थ्याकडे तो शब्द नसतो. म्हणून आपल्या वर्गासाठी मी स श्या यांच्या बाजूचा आहे. कुटुंबं दाखवावीत, पण त्यातली दोन-तीन भावंडं मुलाला शब्दांतून भेटल्यानंतर.

शाळेत शिकवायच्या अक्षरांच्या सरकारी याद्यांबद्दल थोडक्यात. जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत 1026 कांजी शिकवतात. 2020 पर्यंत हा आकडा 1006 होता. प्रांतांच्या नावांत येणारी वीस अक्षरं चौथीत घातली, म्हणजे मुलाला गिफु, साइतामा, तोचिगी ही नावं कांजीत वाचता येतील. सर्वसाधारण वापराची यादी 2010 पासून 2136 ची आहे. दक्षिण कोरियात शाळेसाठी 1800 अक्षरं ठरवली आहेत, निम्मी माध्यमिक आणि निम्मी उच्च माध्यमिकसाठी. चीनच्या 2011 च्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन वर्षांत सुमारे 1600 अक्षरं ओळखायची, पण लिहायची फक्त 800. हा शेवटचा आकडा शिक्षकांनी वहीत टिपून ठेवा. स्वतःच्या भाषेतही ते मुलांवर ओळखणं आणि लिहिणं यांचं सारखं ओझं टाकत नाहीत. जपानच्या 2010 च्या यादीत तर 'खिन्नता' या अर्थाचं 29 रेघांचं अक्षर आलं. लोक संगणकावर लिहितात, तेव्हा वाचता येणं पुरेसं, असं त्यामागे गृहीत होतं. आपली मुलं जी जपानी प्रावीण्य परीक्षा देतात, तिच्यात हाताने लिहिण्याचा प्रश्नच नसतो. तरीही मी लिहायला लावतो. मात्र अक्षरांचे घटक हाताला वळेपर्यंतच. प्रत्येक अक्षर वीस वेळा गिरवून घेण्यात मुलांचा वेळ वाया जातो.

रेघांच्या क्रमावरूनही फार रण माजवू नये. 'डावा' आणि 'उजवा' या अक्षरांची वरची दोन रेघांची चौकट डोळ्यांना एकच दिसते. जपानी मूल 'डावा' लिहिताना आधी आडवी रेघ ओढतं आणि 'उजवा' लिहिताना आधी तिरकी. चीनमध्ये दोन्हींची सुरुवात आडव्या रेघेने होते. जपानी वर्गात जपानी क्रम शिकवा, पण मुलाने चिनी ॲपवर दुसरा पाहिला तर त्याला चूक म्हणू नका.

आता जपानीची खरी अडचण. चिनीत बहुतेक अक्षरांना एकच उच्चार, कोरियनमध्येही. जपानीत मात्र 'जन्म-जीवन' या अर्थाचं एकच अक्षर 'सेन्सेई'त सेई, 'इश्शो'त शो, 'इकिरु'त इ, 'उमारेरु'त उ, आणि सुटं उभं राहिलं की 'नामा'. ही ओळ कार्डावर लिहून पाठ करणाऱ्या मुलांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. कष्ट तेवढेच पडतात आणि हाती काही लागत नाही. हे सगळे उच्चार शब्दांतूनच यायला हवेत.

इथे मराठी विद्यार्थ्याकडे एक भांडवल आहे आणि आपण ते वापरत नाही. काना, म्हणजे जपानीची स्वतःची उच्चार दाखवणारी लिपी, तिचा क्रम बघा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृतचा आणि सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास करणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंकडून आलेला हा क्रम आपल्या वर्णमालेचाच आहे. 'सा' च-वर्गाच्या जागी आणि 'हा' प-वर्गाच्या जागी बसलाय, कारण तो जुन्या काळी 'पा' होता. आपल्या मुलाला हे सांगितलं की तक्ता अर्ध्या तासात लागतो.

दुसरं भांडवल याहून मोठं आहे. कोरियन मुलाची 'घरचा शब्द आणि आलेला शब्द' ही जोडी मराठीत जिवंत आहे. सुटं असताना आपण 'पाणी' म्हणतो, समासात 'जल' येतं. जपानीत सुटं 'मिझु', समासात बहुधा 'सुइ'. पोहणं 'सुइएइ', आपलं जलतरण. पाण्यातली वाट 'सुइरो', जलमार्ग. आणि जिथे जपानी माणूस समासातही घरचाच शब्द ठेवतो, 'मिझुतोरी', तिथे आपणही पाणपक्षी म्हणतो. तसंच आगीचं: सुटं 'हि', समासात 'का', आग विझवणं 'शोका' म्हणजे अग्निशमन. सगळ्याच अक्षरांना हे लागू पडणार नाही आणि ओढून लावूही नये. पण सुरुवातीच्या शंभर-दीडशे अक्षरांपैकी बऱ्याच अक्षरांना लागतं. ची सॉग्-यॉंग यांच्या पानासारखं पान आपल्यासाठी करायचं तर मधे अक्षर, उजवीकडे 'मिझु – पाणी', डावीकडे 'सुइ – जल', खाली मुलाने धड्यात खरोखर वाचलेले दोन शब्द, आणि एका कोपऱ्यात त्या अक्षराचं एखादं भावंड. मी माझ्या वर्गासाठी अशी पानं हाताने करायला घेतली आहेत. ज्यांना त्यात भर घालायची असेल त्यांनी चहाच्या वेळेत जरूर भेटावं, काही पानं आज सोबत आणली आहेत.