बापाची फियाट, बापाची जुगाडं

आवाज मागपर्यंत येऊन राह्यला ना? बरं. मग भाषणबिषण सोडा, सरळ बोनेटच उघडू. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गोठ्यात नाहीतर कापसाच्या खोलीत एखादी जुनी गाडी उभी आहे हे मला माहीत आहे, कोणाची पद्मिनी, कोणाची ॲम्बॅसडर, कोणाची जीप. बाप गेला, वावराची वाटणी झाली, ट्रॅक्टर एकाकडे गेला आणि गाडी तुमच्या वाट्याला आली. आता ती चालू करायची म्हणता, तं पहिले हे ध्यानात घ्या की असल्या गाडीत कंपनीचा बिघाड कमी असते आणि घरच्यांची जुगाडं जास्त असतात. बिघाड शोधायच्या आधी ती जुगाडं शोधा.

मी फियाटचंच बोलतो, काहून की माझ्या घरी तीच आहे, मोठ्या बाबांची. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आधी फियाट 1100 डिलाइट, मग प्रेसिडेंट, 1974 ला नाव पद्मिनी झालं, पण आपल्याकडे शेवटपर्यंत फियाटच. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर, स्पार्कसाठी करंट तोडणारे पॉइंट, ते जळू नये म्हणून कंडेन्सर, बस. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, त्यामुळे शोधत गेलं की सापडतेच.

तर मोठ्या बाबांच्या गाडीत काय निघालं? पेट्रोलच्या पाइपाच्या जागी फवारणी पंपाची नळी, तारेनं आवळलेली. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. टाकीच्या बुडाला साबणाचा थर, तोही कपडे धुवायच्या साबणाचा. हसू नका, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, बारीक गळती खरंच थांबते. त्यांनी ते भर उन्हात, रस्त्यावर, घरी पोचायसाठी केलं होतं आणि त्या वेळी ते बरोबरच होतं, फक्त घरी पोचल्यावर पुन्हा कोणी बोनेट उघडलं नाही, गाडी चालून राह्यली होती ना! म्हणून गाडीखाली शिरा, मोबाइलवर फोटो काढा, जिथं तार, दोरी, टेप, एम-सील दिसेल तिथं खूण करा. ती फ्यूजमधली चांदी पहिले काढा, वायरिंग पेटते त्यानं. आणि घरात आई असेल तं आईला विचारा. गाडी कुठं आणि कशी बंद पडायची हे बायांच्या पक्कं लक्षात असते, लेकरं घेऊन उतरायला त्यांनाच लागायचं. आमच्या मोठ्या आईनं सांगितलं, "थंडीत कधीच नाही, उन्हाळ्यातच, आन अर्ध्या घंट्यानं आपोआप चालू व्हायची." अर्धं निदान तिथंच झालं. त्याच्यावर येतो मी पुढं.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला नवीन बॅटरी लावून लगेच सेल्फ मारायचा नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग हातानं इंजिन फिरते का बघा. अडलं तं जोर करू नका. जुनं पेट्रोल काढून टाका, त्याला वार्निशसारखा वास येते, तेच चिकट होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारक्या छिद्रात, बसलेलं असते. एअर क्लीनरचं झाकण उघडा. आमच्या गाडीत उंदरीनं तिथं बाळंतपण केलं होतं, आत कापूस, वर सरकी, सोयाबीनची टरफलं, आणि मधून मधून लाल-निळ्या रंगाचे बारके तुकडे. ते तुकडे म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक. तेव्हा घरटं दिसलं की वायरिंग कुरतडलेलं आहेच असं समजून डॅशबोर्डखाली टॉर्च लावून बघा.

आणि ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, आतून गंज चढते, चाकातले सिलिंडर जाम होतात, रबरं फुगतात. इंजिनच्या आधी ब्रेक करा. ह्याच्यावर जास्त बोलत नाही.

आता गाडी चालूच होत नाही म्हटलं की पोट्टे पहिले कार्बोरेटर खोलतात. काहून? तर तो समोर दिसते म्हणून! कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. पहिले स्पार्क आहे का नाही ते बघा, प्लग काढून वायरीला लावा, त्याचं लोखंड इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळा, जाड, चट आवाज करणारा स्पार्क आला तं ठीक, पिवळा आणि मरतुकडा आला तं डिलकोकडे जा, म्हणजे आपला डिस्ट्रिब्युटर, प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा, पॉइंट त्याच्यातच असतात. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासा, मग कोऱ्या पुठ्ठ्यानं पुसा, तेलाचा हात लागला तरी करंट अडते. गॅप साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आतच, फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीनं मापा, अंदाजानं नाही. पॉइंट घडीघडी जळत असतील तं दोष कंडेन्सरचा. वायरी काढायच्या आधी नंबर टाका, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 आहे, दोन वायरी उलटल्या की गाडी फटाके फोडते आणि मग लोक म्हणतात इंजिन गेलं.

स्पार्क ठीक असेल तं पेट्रोल. कार्बोरेटरजवळचा पाइप काढून बाटलीत धरा, सेल्फ मारला की पिचकारी आली पाहिजे. पण स्पार्क बघताना पाइप उघडा ठेवायचा नाही, आणि हे करताना बिडीवाले दूर. पिचकारी नाही आली तं इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, बघा. डायफ्राम फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरते, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मापायची पट्टी, काढून हुंगा, पेट्रोलचा वास आणि लेव्हल वाढलेली, तं इंजिन चालवूच नका, आधी ऑइल बदला.

एक केस सांगतो. तळेगावकडची गाडी होती, सेल्फ नुसता कट-कट करायचा. बॅटरी नवीन, सेल्फ बांधून आणलेला, तरी तेच. मालक म्हणे, "भौ, चोकची तार चटका देते." तिथंच सापडलं! इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असते, बॉडीपासून वेगळं, त्याला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी असते, ती कधी तरी कोणी काढली आणि लावलीच नाही. सेल्फचा करंट लय मोठा, त्याला परतायला वाट पाहिजे, तो चोकच्या लोखंडी केबलमधून परतून राह्यला होता. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं की अर्थिंग खराब. पट्टी शंभर-दोनशेची, आणि त्याच्यापायी लोकांनी दोन-दोन बॅटऱ्या बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

आता मोठ्या आईचं उत्तर. मे महिना, पुलगाव-आर्वी रोड, 45 डिग्री, गाडी पंधरा-वीस किलोमीटर मस्त जाते आणि झटके देत बंद. अर्ध्या तासानं जसं काही झालंच नाही. ह्याच्यात संशयित तीन, आणि तिघंही अर्ध्या तासानं सुधारतात, तीच पंचाईत! एक, व्हेपर लॉक. पेट्रोलमधला हलका भाग 40 डिग्रीच्या आसपासच उकळायला लागते, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त गरमी, पाइपात वाफ धरते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. दोन, स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल नाहीतर कंडेन्सर गरम होऊन मरते, थंड झालं की जिवंत. तीन, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं, टाकीत व्हॅक्यूम होते आणि पेट्रोल येत नाही.

ओळखायचं कसं, तं बंद पडल्या पडल्याच ओळखायचं. लोक चहा प्यायला जातात आणि पुरावा थंड होते. उतरल्याबरोबर पहिले टाकीचं झाकण उघडा, सूं करून हवा आत गेली तं तिसरा सापडला. नाही तं लगेच स्पार्क बघा. स्पार्क नसला तं दुसरा. स्पार्क मजबूत आहे आणि बाटलीत पेट्रोल येत नाही, तं पहिला. दुपट्टा भिजवून पंपावर आणि पाइपावर ठेवा, दोन-चार मिनिटांत चालू होते. पण गरम कॉइलवर पाणी ओतू नका बाप्पा. मोठ्या बाबांनी आयुष्यभर व्हेपर लॉक समजून ओला दुपट्टा ठेवला, निघालं काय, तर झाकणाच्या छिद्रात कुंभारमाशीची माती! तोवर झाकण उघडून बघायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

गरम होणाऱ्या गाडीचं अजून एक, आपल्या बोरिंगचं पाणी. ते रेडिएटरमध्ये टाकलं की क्षार धरते, नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट टाका. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपा, आहे का तेही बघा, जुन्या मिस्त्र्यांना तो काढून फेकायची भारी हौस होती, आणि मग हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पिते.

कागदाचं विचारलं कोणी तरी. गाडी अजून बापाच्या नावावर असेल तं आरटीओत फॉर्म 31 भरायचा, मयताचा दाखला जोडून. 50 वर्षांच्या वरची मूळ स्थितीतली गाडी 2021 च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण मग रोज बाजाराला नेता येत नाही. माझं मत, चालवायची असेल तं त्या फंदात पडू नका. सामानाची अडचण आता वाढणार आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर पार्ट बनत होते, त्या 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. पॉइंट, कंडेन्सर, डायफ्राम जिथं दिसतील तिथं दोन-दोन घेऊन ठेवा.

हा, हे भाऊ विचारतात पंपावरच्या नवीन पेट्रोलचं. 20 टक्के इथेनॉल असते त्याच्यात. जुन्या रबराला ते मानवत नाही, पाइप मऊ पडतात, डायफ्राम आखडते, आणि टाकीतला जुना मळ सुटून फिल्टर बुजते. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांना फिल्टर बदलत राहा. पाइप घेताना दुकानदाराला ई20 ला चालणारा द्या म्हणून सांगा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तं कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा, इथेनॉल पाणी ओढते, पावसाळ्यात तर जास्तच. फवारणी पंपाच्या नळीचं तं नावच घेऊ नका.