सडपातळ शरीर, दमलेली किडनी

(दृश्य : पोटाभोवती गुंडाळलेली टेप)

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

पुण्याजवळच्या गावांतली बाळंही तशीच निघाली. जन्मताना सरासरी २.७ किलो, अंगावर मांस कमी, पण चरबी टिकून. किडनीच्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, आईच्या पोटातच तयार होतात; एका किडनीत साधारण दहा लाख. कमी वजनाच्या बाळाच्या वाट्याला त्या बहुधा कमीच येतात, आणि पुढे एकही नवी बनत नाही.

आता हेच बाळ पन्नाशीला आलंय. वजन बेताचं, पण कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे. बायकांसाठी ही मर्यादा ८०. शुगर वाढलेली, बीपीही.

(दृश्य : गाळणीचं ॲनिमेशन)

रक्तात साखर वाढली की गाळणीत शिरणारी रक्तवाहिनी सैलावते, बाहेर पडणारी आवळते. मधल्या केशवाहिन्यांच्या पुंजक्यात दाब चढतो. गंमत म्हणजे सुरुवातीला किडनी नेहमीपेक्षा जास्तच गाळते आणि रिपोर्ट झकास येतो. मग अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत निसटायला लागतं. काही गाळण्या निकामी होतात, त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि त्याही थकतात.

किडनीचं जवळपास निम्मं काम थांबलं तरी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, नॉर्मल दिसू शकतं. तेवढ्यावर निर्धास्त होणं आम्हाला तरी पटत नाही. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तीन महिन्यांनंतरही दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर राहिलं, तर तो किडनीचा जुनाट आजार. टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासून दरवर्षी ही तपासणी करायची असते.

‘शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे घरोघरी ऐकू येतं. जाते ती वर्षानुवर्षं मोकाट सुटलेल्या शुगरनं. गुडघ्यासाठी मनानंच घेतलेल्या पेनकिलरही हातभार लावतात. उलट टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल करतात, तर डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी शिरणारी आवळते. दाब उतरतो, आणि त्यामुळेच सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वर जातं. नेमका तोच रिपोर्ट पाहून कित्येक जण परस्पर गोळी बंद करतात. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल, तर डॉक्टर सहसा गोळी चालूच ठेवतात.