गावातल्या चर्चला सिमेंट नको, चुना हवा

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या परिसरात गावाच्या कडेला दगडी भिंतींचं, मंगलोरी कौलांचं एखादं लहानसं चर्च दिसतं. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ साली अहमदनगरला ठाणं केलं आणि पुढे ते काम सोलापूरकडे आलं. रविवारी उपासना आणि आठवडाभर शाळा, असा या एकाच खोलीचा वापर अनेक गावांत होता.

इमारतीचा इतिहास शोधताना कोनशिला आणि बाप्तिस्म्याचं रजिस्टर तर बघावंच, पण भिंतही वाचावी. कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंफलेले नसतील आणि वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसत असेल, तर तो भाग मागाहून जोडलेला आहे असं समजावं.

आता दुरुस्ती. सगळ्यांत जास्त नुकसान सिमेंटनं केलंय, आणि तेही चांगल्या हेतूनं. आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही. जमिनीतून चढणारी ओल दर्जांतल्या, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतल्या, चुन्यातून बाहेर पडते. त्या दर्जा सिमेंटनं बुजवल्या की ओल आतल्या बाजूला वळते, भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून ते सिमेंट छिन्नी-हातोडीनं, हलक्या हातानं काढायचं. मशीन लावलं की चिऱ्यांच्या कडा उडतात. दर्जा २० ते २५ मिलिमीटर खोल मोकळी करून, धुऊन, ओलसर असतानाच भरायची. कळीचा चुना निदान १५ दिवस पाण्यात विरलेला हवा. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग चाळलेली वाळू घालून चुना मळायच्या घाणीत चांगलं मळायचं. मग आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवायचं. सोलापूरच्या उन्हात हे चुकलं तर चुना धरण्याआधीच वाळतो आणि बोटानं खरवडला तरी भुगा पडतो.

तडे मात्र लगेच भरू नयेत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि इमारतीचा कोपरा तिच्याबरोबर हलतो. तडा वरच्या बाजूला रुंद असेल तर बहुधा कोपरा खचतोय. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. काच फुटली तर हालचाल अजून चालू आहे. मग आधी पागोळीचं पाणी जोत्यापासून लांब काढायचं, भोवती बाहेर उताराची फरशी करायची. भिंतीला खेटून झाड लावू नये.

छताचं काम मृगाआधी आटोपावं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, फुटतूट धरून थोडी जास्त आणावीत. जुनी धड कौलं टाकू नका, ती दर्शनी बाजूला लावा. वाशांची भिंतीत गेलेली टोकं टोच्यानं टोचून बघावीत, वाळवी तिथूनच शिरते. पोकळ लागलं तर अख्खा वासा न बदलता तेवढंच टोक कापून सागाचा तुकडा खाच पाडून जोडता येतो.

पहिल्या मोठ्या पावसात आत उभं राहावं. जिथं थेंब पडेल तिथं फरशीवर खडूनं खूण करावी. पाणी वाशावरून घरंगळत येऊन टपकतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खुणेच्या बरोबर वरचं कौल न काढता, उताराच्या वरच्या अंगाची कौलं आढ्यापर्यंत एकेक उचलून तपासायची.