आधी थांबणं, मग चालणं, मग दिसणं

नमस्कार श्रोतेहो. दारात पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे, मिस्त्रीने डझनभर कामं काढलीत आणि खिशात पाच हजार आहेत. कशाला आधी हात घालायचा? माझा क्रम ऐका. आधी थांबणं, मग चालणं, मग दिसणं. परत सांगतो: थांबणं, चालणं, दिसणं.

हे मी आंबा घाटात शिकलो, तेही उलटं वागून. आमची मारुती 800, 1999 चं मॉडेल. रत्नागिरीला मुंज होती. मिस्त्री म्हणाला, "ब्रेक ऑइल बदलून घ्या." म्हटलं, आल्यावर बघू. आणि त्याच आठवड्यात बत्तीसशे रुपयांची मरून सीट कव्हरं घातली. मागे आत्या बसणार होती ना!

घाटमाथ्यावरच्या आंबा गावात भजी खाल्ली. तेव्हा भज्यांत कांदा असायचा. हल्ली नुसता सोडा फुगवून देतात. असो. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला मी गाडी न्यूट्रल केली. पाय सारखा ब्रेकवर. आत्या म्हणाली, "अरे, काहीतरी करपतंय." म्हटलं, "पुढच्या ट्रकचा वास आहे." पुढच्याच वळणावर पेडल दाबलं, तर ते लोण्यात बोट जावं तसं तळाला गेलं. घाईघाईने दुसरा गियर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला घासत गाडी थांबवली.

मी बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला निघालो. मागून आलेला ट्रकवाला ओरडला, "पाणी नका मारू, तडकेल! अर्धा तास गप बसा." बसलो. आणि गंमत बघा, अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक. दुसऱ्या गियरवर रांगत साखरप्याला पोचलो. तिथल्या मिस्त्रीने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून आतलं तपकिरी झालेलं ऑइल पाहिलं. "हा चहा कधी ओतलाय?"

कारण साधं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. सारखा ब्रेक दाबून ते तापलं की त्या पाण्याची वाफ होते, पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी.

थांबण्यातच टायर आले. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर गोटा झाला, बदलायचा. चालण्यात इंजिन ऑइल, कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बेल्ट, आणि कुलंट वाहून नेणारे रेडिएटरचे होज पाईप. पाईप इंजिन थंड असताना दाबून बघा. चिरलेला पाईप थोडक्यात बदलतो, पण गाडी तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं सील, गेलं तर इंजिन उघडावं लागतं. डेंटिंग-पेंटिंग, कव्हरं, स्पीकर सगळ्यात शेवटी.

आत्याला कव्हरं आवडली का, असं बरेच जण विचारतात. साखरप्याहून पुढे ती एसटीने गेली.